वहीवर लावलेला कॅमेरा: लेकीच्या दहावीच्या ऑनलाइन वर्गाबद्दल

देवरुखपासून आत, बारा-तेरा किलोमीटरवर आमची वाडी. मी घरीच शिवणकाम करते. धाकट्या लेकीने २०२५ साली सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली. १३ मेला निकाल लागला, ७१.४० टक्के पडले. वर्षभर ती ज्या ऑनलाइन वर्गात शिकली, त्याबद्दल नीट लिहावं असं तेव्हापासून मनात आहे, कारण आधी मला कुणी असं लिहून दिलं असतं तर आमची दोन वर्षं आणि बरेचसे पैसे वाचले असते.

या वर्गाला नाव नाही, पाटी नाही. तीन निवृत्त शिक्षक मिळून तो चालवतात. गणित-विज्ञानाला एक बाई, मराठी, हिंदी आणि इतिहास-भूगोलाला दुसऱ्या बाई, इंग्रजीला सर. तिघांचीही तीस-तीस वर्षांच्या वर नोकरी झाली आहे, सगळी खेड्यापाड्यांतल्या हायस्कुलांमध्ये. त्यांना आपली नावं कुठे आलेली आवडत नाहीत, म्हणून मी बाई आणि सर एवढंच लिहिते.

आधी आमची अडचण सांगते. लेक आठवीत असताना तिचे गुडघे आणि हाताची मनगटं सुजायला लागली. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी संधिवात सांगितला. लहान मुलांना संधिवात होतो हे आम्हाला तेव्हाच कळलं. या आजारात सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असतात. सात वाजता उठलेली मुलगी दहा-साडेदहापर्यंत जिना उतरू शकत नाही, वेणी घालू शकत नाही. दुपारनंतर हळूहळू मोकळी होते, आणि संध्याकाळी बघाल तर तिला काही झालंय असं वाटणारही नाही. शाळा सकाळची. नववीत तिची हजेरी इतकी कमी भरली, की दहावीला बसू देता येणार नाही असं शाळेने तोंडी सांगितलं. रोज संध्याकाळी अंगणात फिरणाऱ्या मुलीला सकाळी चालता येत नाही हे लोकांना पटायचं नाही. वर्गशिक्षक एकदा म्हणाले, "नाटक तर करत नाही ना?" हे वाक्य तिने ऐकलं. त्यानंतर महिनाभर ती दप्तराला शिवली नाही.

ऑनलाइन शिक्षण आम्हाला नवीन नव्हतं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती पाचवीत होती. सहावीचं वर्ष फोनवर गेलं. बालभारतीच्या पुस्तकावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा अ‍ॅपवर धडा उघडायचा. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची, ती मात्र तिला फार आवडायची, आजीही शेजारी बसून बघायची. शाळेकडून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वाध्यायाचे फोटो यायचे, आम्ही वहीचे फोटो परत पाठवायचो. त्या फोटोंवर अंगठा यायचा, नाहीतर फूल. चुकलं काय आणि बरोबर काय, हे कधी आलं नाही. त्या दोन वर्षांत पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी तिची कच्ची राहिली, आणि ती तशीच नववीपर्यंत आली.

आजार कळल्यावर आम्ही एका मोठ्या कंपनीचा ऑनलाइन कोर्स घेतला. नाव घेत नाही. माणूस घरी आला, तासभर बोलला, टॅब देऊन गेला. पैसे एकदम नव्हते, तर त्याने तिथल्या तिथे हप्ते करून दिले. व्हिडिओ सुंदर होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पृथ्वी फिरताना दिसायची, पेशी उघडून दाखवायचे. पण मुलीची वही कुणी उघडून बघितली नाही. दर दीड-दोन महिन्यांनी मार्गदर्शक म्हणून नवीन मुलगा फोन करायचा, आणि आजाराची सगळी कहाणी मी पहिल्यापासून सांगायची. चौथ्या वेळी सांगताना मला रडू आलं. शेवटी बंद करायचं म्हटलं तर हप्ते बंद होईनात. कोर्स सुटला, हप्ते पुढे आठ महिने भरले.

गणिताच्या बाईंचा नंबर मला देवरुखच्या एका गिऱ्हाईकाकडून मिळाला. पुढे नुसतं 'बाई' म्हणते ते त्यांनाच. तिच्या पुतण्याने त्यांच्याकडे अभ्यास करून दहावी काढली होती. मे २०२४ मध्ये मी फोन केला. फी किती हे मी पहिल्यांदा विचारलं. बाई म्हणाल्या, "ते मागाहून. मूल बसतं कुठे ते सांगा." टेबल आहे का, किती उंच, खिडकी कुठल्या बाजूला, दिवा कुठे, घरात कोण कोण असतं, संध्याकाळी सहाला घरात काय चाललेलं असतं, असं त्या अर्धा तास विचारत होत्या. मी म्हटलं, माझं शिवणयंत्र चालू असतं. "ते दीड तास बंद ठेवता येईल का?" मी गप्प. सणासुदीच्या दिवसांत ते दीड तास म्हणजे माझे एक-दोन ब्लाउज. बाई म्हणाल्या, "हाताचं काम असतंच ना, काजं-बटणं, हातशिलाई, हुक लावणं. ते त्या वेळेला ठेवा, आणि तिथेच बसा. तुम्हीही ऐका." मग आजाराबद्दल विचारलं. कुठला सांधा, कुठल्या हाताने लिहिते, औषध कधी घेते. मी सांगितलं, एक गोळी आठवड्यातून एकदाच असते, शनिवारी रात्री, आणि रविवारभर, सोमवारीही तिला मळमळतं. बाईंनी ते लिहून घेतलं. पुन्हा कधीही मला ते सांगावं लागलं नाही.

वर्ग सुरू व्हायच्या आधी त्यांनी आम्हाला बैठक लावायला शिकवली. याच गोष्टीने सगळा फरक पडला, असं मी आजही म्हणेन, म्हणून जरा सविस्तर सांगते.

"कॅमेरा तोंडावर नको, वहीवर हवा," असं बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "मी तीस वर्षं बाकांच्या मधून फिरले. मुलाच्या तोंडाकडे बघून काही कळत नाही. सगळी माना डोलावतात. पेन कुठे थांबतं ते बघायचं असतं." आम्ही यंत्रापलीकडच्या कापायच्या टेबलावर सारख्या उंचीचे दोन पत्र्याचे डबे ठेवले, दोन वीत उंच. त्यांवर दोन लाकडी पट्ट्या आडव्या टाकल्या. त्या पट्ट्यांवर फोन उताणा, पडदा वर आणि मागचा कॅमेरा खाली. खाली वही. दिवा डाव्या हाताला, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. फोन आधी पूर्ण चार्ज करायचा, वर्ग चालू असताना लावायचा नाही, नाहीतर तापतो आणि बंद पडतो. सगळ्याला खर्च शून्य. बाईंच्या बाजूलाही हेच. आम्हाला त्यांचा चेहरा दिसायचाच नाही, त्यांचा हात आणि वही दिसायची. हाताचं वय दिसतं, शिरा दिसतात, अक्षर मात्र छापल्यासारखं.

एका तुकडीत आठच मुलं. गुगल मीटवर आठ चौकोन, आठ वह्या. मी हूक लावता लावता बघायची. कुणाची रेघेची, कुणाची चौकटीची, एकाची जुनी वही उलटी करून मागून वापरलेली. तोंडं दिसत नसल्यामुळे मुलं लाजत नव्हती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. माझ्या लेकीचा चेहरा औषधांनी त्या काळात सुजला होता. तिला आरशातही बघायचं नसायचं. तोंड दाखवायचा वर्ग असता तर ती बसलीच नसती.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यातला एक दिवस सांगते. दोन चलांतील रेषीय समीकरणं चालू होती. वर ४ एक्स + ३ वाय = १०, खाली ४ एक्स – २ वाय = ०, आणि वजाबाकी करायची. लेकीने एक्स उडवला, आणि पुढे वाय = १० लिहिलं. तीन वाय वजा दोन वाय, एक वाय. बाईंचा आवाज आला, "थांब बाळा. खोडू नकोस." मग त्या काही बोलल्याच नाहीत. दहा-पंधरा सेकंद पेन तिथेच. "तुझं पेन त्या वजाच्या चिन्हापाशी थबकलं होतं. तुला शंका आली होती ना?" लेक हो म्हणाली. "मग शंका आली तिथे का थांबली नाहीस?" ती म्हणाली, "वाटलं, आपलं नेहमी चुकतंच." बाईंनी तिला खालच्या ओळीच्या प्रत्येक पदाखाली लाल पेनाने बदललेलं चिन्ह बारीक लिहायला लावलं. अधिकाचं वजा, वजाचं अधिक. तीन वाय अधिक दोन वाय, पाच वाय. वाय दोन, एक्स एक. मग दोन्ही किमती वरच्या समीकरणात घालून बघायला सांगितलं. चार आणि सहा, दहा. तो 'दहा' तिने इतक्या जोरात म्हटला, की आजी आतून आली. सहावीत कच्चं राहिलेलं ते चिन्ह त्या संध्याकाळी सापडलं. त्यानंतर बाईंनी सगळ्या तुकडीला पंधरा दिवस पूर्णांकच दिले, दहावीचं पुस्तक बाजूला ठेवून. मला काळजी वाटली, पोर्शन कसा पुरा होणार? पुरा झाला.

लिहिताना तिचं मनगट दुखायचं. बारीक पेन घट्ट धरावं लागतं, तेवढी पकड नव्हती. हे मी सांगितलं नव्हतं, बाईंनी कॅमेऱ्यातच पाहिलं. ती दर चार ओळींनी पेन खाली ठेवून बोटं ताणते, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. "पेन जाड करा. तुम्ही शिवता ना?" मी ब्लाउजच्या कपातला फोम घेतला, पेनाभोवती दोनदा गुंडाळला, वरून सुती अस्तराची नळी शिवली. अंगठ्याएवढं जाड पेन झालं. तिने ते धरलं आणि अख्खं पान लिहिलं. अशी अकरा कव्हरं झाली वर्षभरात, घामाने खराब झालं की नवीन.

वेळापत्रक सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी सहा ते साडेसात, चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन तास आणि मध्ये दहा मिनिटं सुट्टी. सुट्टीत फोनला हात लावायचा नाही, उठून पाणी प्यायचं, डोळे खिडकीबाहेर लावायचे. मी एकदा म्हटलं, अजून अर्धा तास घ्या ना, फी वाढवा. सरांनी समजावून सांगितलं, की २०२० साली केंद्र सरकारने 'प्रज्ञाता' म्हणून ऑनलाइन वर्गांच्या सूचना काढल्या होत्या. त्यात नववी ते बारावीलाही दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांचे जास्तीत जास्त चारच तास सांगितले आहेत, आणि पहिली ते आठवीला दोनच. "आमच्याकडे दोन, उरलेले दोन तिला स्वतः वाचायला राहू द्या," असं ते म्हणाले. शनिवारी फक्त अडलेलं विचारायचं. सोमवारी लेकीला लिहायला लावायचं नाही, ती फक्त ऐकणार, हे त्या गोळीमुळे ठरलेलं होतं. तिच्याऐवजी मी मुद्दे टिपून ठेवायची.

आता पावसाचं. कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. जूनपासून लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि लाइट गेली की थोड्या वेळाने टॉवरची बॅटरी संपते आणि रेंजही जाते. आमच्याकडे एरवीसुद्धा ओटीच्या कोपऱ्यात उभं राहिल्यावर दोन काड्या. या शिक्षकांनी इथे जे केलं, ते मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात पोस्टाने एक जाड लिफाफा आला. आत बारा छोटी पाकिटं, आकडे घातलेली. वर्ग बुडाला की त्या क्रमाचं पाकीट फोडायचं. आत हाताने लिहून झेरॉक्स केलेली दोन पानं, एक सोडवून दाखवलेलं उदाहरण, पाच सोडवायची, आणि शेवटी एक वेगळीच गोष्ट, कधी कोडं, कधी घरातल्या मोठ्यांना विचारायचा प्रश्न. पाकीट क्रमांक ४ मध्ये होतं, 'घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला विचारा: गावात वीज आली ते आठवतं का? दहा ओळी लिहा.' सासूबाईंनी त्या रात्री कंदिलाच्या उजेडात तासभर सांगितलं, आणि लेकीने दहाच्या तीस ओळी लिहिल्या. ऑगस्टअखेर आमची नऊ पाकिटं फोडून झाली होती. तीन उरली, ती तिने जपून ठेवलीत. अडकलं तर साध्या फोनवर बाईंना विचारायचं, रात्री नऊपर्यंत.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अकराला घरच्यांचा तास असायचा. मुलं नाहीत, फक्त आई-बाप, आजी-आजोबा, जे कोण घरात अभ्यासाकडे बघतं ते. माझे मिस्टर मुंबईला नोकरीला, नालासोपाऱ्याला खोलीवर राहतात, गणपतीला आणि शिमग्याला येतात. मुलीच्या अभ्यासात त्यांचा हात फोनवरून "अभ्यास झाला का?" एवढ्यापुरताच. त्या तासाला ते तिकडून जोडले जायचे. पहिल्या बैठकीत सरांनी प्रत्येकाला विचारलं, तुम्ही मुलाला दिवसात काय काय विचारता? सगळ्यांची उत्तरं सारखीच आली, झाला का, किती झाला, कधी करणार. सरांनी कुणाला नावं ठेवली नाहीत. त्यांनी मिस्टरांना एक काम दिलं. रोज रात्री साडेनऊला दहा मिनिटं फोन करायचा, आणि लेकीने त्यांना त्या दिवसाचं काहीतरी शिकवायचं. बापाने विद्यार्थी व्हायचं, समजलं नाही तर खरंच समजलं नाही म्हणायचं. मिस्टर नववीपर्यंत शिकलेत. त्यांना पायथागोरसचं प्रमेय समजावायला लेकीला चार रात्री लागल्या. चौथ्या रात्री ते म्हणाले, "म्हणजे गवंडी काटकोन काढायला तीन-चार-पाचची दोरी धरतात ते हेच की!" लेक फोन धरून ओरडली. तेव्हापासून तो साडेनऊचा फोन एकदाही चुकला नाही, लोकलमध्ये असले तरी नालासोपाऱ्याला उतरून फलाटावरून करायचे.

मलाही त्या तासांतून बरंच मिळालं. वर्ग चालू असताना मागून उत्तर पुटपुटायचं नाही, हे मला दोनदा सांगावं लागलं. भिंतीवर कॅलेंडर लावून त्यावर दुखण्याच्या खुणा करायला सांगितल्या, एक टिंब म्हणजे बरं, दोन म्हणजे दुखतंय, तीन म्हणजे आज नको. आठवड्याच्या शेवटी त्याचा फोटो बाईंना पाठवायचा. त्यावरून त्या पुढच्या आठवड्याचं लिखाण ठरवायच्या. ऑक्टोबरात कोल्हापूरला डॉक्टरांनी ते कॅलेंडर मागून घेतलं आणि त्यावरून औषध बदललं. जाताना आंबा घाटात तिला उलट्या झाल्या होत्या, येताना मात्र ती खिडकीशी बसून भूगोलाचं पुस्तक वाचत आली.

उण्या गोष्टीही सांगते, कारण त्या आहेत. विज्ञान या वर्गात कमी पडतं. प्रयोग वहीवर दिसत नाहीत. बाईंनी घरातल्या हळद-चुन्यावर, लिंबू-सोड्यावर जमेल तेवढं करून घेतलं, पण विद्युतधारेचा परिणाम किंवा भिंगं हातात घेतल्याशिवाय नीट समजत नाहीत. भौमितिक रचनेलाही त्रास झाला. वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्यात कंपास कुठे टेकवला ते दिसतं, पण तो हलला की नाही ते कळत नाही, आणि लेकीला तर कंपास धरणंच जड. डिसेंबरमध्ये गणिताच्या बाई आजारी पडल्या. त्यांच्या जागी कुणी नव्हतं. जवळजवळ तीन आठवडे गणित-विज्ञान बंद राहिलं. जानेवारीत ते भरून काढताना घाई झाली, महत्त्वमापन तर धावतच झालं. तिघांवर चालणाऱ्या वर्गात हे होणार, पण दहावीच्या वर्षात ते तीन आठवडे मला फार जड गेले. पुढच्या वर्षी चौथा माणूस हाताशी ठेवा असं मी त्यांना सांगितलंय. वर्ग ध्वनिमुद्रित करून ठेवत नाहीत, बुडाला तो बुडाला. आणि इंग्रजीचे सर शिकवतात छान, पण तपासलेले निबंध परत यायला दहा-दहा दिवस लागायचे.

सतरा नंबरच्या फॉर्मच्या बाबतीत मात्र त्यांनी हात धरून नेलं. बाहेरून दहावीला बसायला निदान पाचवी पास आणि चौदा वर्षं पूर्ण लागतात. फॉर्म बोर्डाच्या संकेतस्थळावर भरायचा, शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार, फोटो जोडायचे, मग मिळालेल्या केंद्र शाळेत कागद नेऊन द्यायचे. मी आणि मराठीच्या बाई फोनवर बोलत बोलत तो भरला, दोन तास लागले. प्रत्येक विषयाचे वीस गुण अंतर्गत असतात, त्यासाठी त्या केंद्र शाळेशी संपर्क ठेवावा लागतो, हे त्यांनीच बजावलं. बाहेरून बसणाऱ्या बऱ्याच मुलांचे हे गुण नुसते दुर्लक्षामुळे जातात. केंद्र शाळेतल्या शिक्षकांनी आम्हाला चांगलं वागवलं, हेही लिहिलं पाहिजे. लेकीला जादा वेळ मिळावा म्हणून डॉक्टरांचा दाखला आणि अर्ज त्या शाळेमार्फत रत्नागिरीच्या विभागीय मंडळाकडे गेला. तासाला वीस मिनिटं जादा मिळाली. म्हणजे गणिताच्या दोन तासांच्या पेपरला दोन तास चाळीस मिनिटं. जाड पेन वर्गात नेऊ देतील का याची धास्ती होती, तर बाईंनी अर्जातच तेही लिहायला लावलं होतं.

जानेवारीपासून त्यांनी तिला सकाळी लिहायची सवय लावायला घेतली, कारण पेपर अकराला. कॅलेंडर बघून त्यांनी सांगितलं, की ती साधारण साडेदहाला मोकळी होते, तर उठायची वेळ साडेपाचवर आणा, गरम पाण्याची पिशवी सहाला, डॉक्टरांना विचारून व्यायाम सातला. पहिला आठवडा रडण्यात गेला. तिसऱ्या आठवड्यात ती पावणेदहाला वहीपाशी बसली. आठवड्यातून दोन दिवस सकाळी अकराला तिघांपैकी एकजण मीटवर यायचे, काही शिकवायचे नाहीत, ती पेपर लिहायची आणि ते वरून पेन बघत बसायचे. दोन-दोन तास. कधीतरी नुसतं "पाणी पी" एवढंच.

२१ फेब्रुवारीला मराठीचा पहिला पेपर झाला. मी केंद्राबाहेर चिंचेखाली बसून होते. बाहेर आल्यावर तिने आधी हात पुढे केला. बोटांवर फोमच्या कव्हराची जाळी उमटली होती. "शेवटच्या प्रश्नापर्यंत लिहिलं," म्हणाली.

गुणांचं सांगायचं तर बेस्ट ऑफ फाइव्ह, म्हणजे सहापैकी जास्त गुणांचे पाच विषय धरून ५०० पैकी ३५७. सगळ्यांत कमी विज्ञानात, त्याचं कारण वर आलंच. गणितात ६८. नववीच्या सहामाहीत तिला गणितात १०० पैकी १९ होते. तुकडीतली बाकीची सातही पास झाली. त्यात एक जण दिवसा गॅरेजमध्ये काम करणारा, एक ऊसतोडीला आई-बापांबरोबर जाऊन आलेली. तिची वही तर दर महिन्याला नवीन जागेवरून दिसायची.

फी महिन्याला पंधराशे, सगळ्या विषयांची मिळून. ज्यांना झेपत नाही त्यांच्याकडून ते कमी घेतात, किती ते बाकीच्यांना कळत नाही. हप्ते नाहीत, करार नाही, महिना संपला की पुढच्याचं बघायचं. ज्या मुलाला नव्वद टक्के काढायचेत आणि रोज तीन-चार तास शिकवणारं कुणी हवंय, त्याने इकडे येऊ नये, त्याला हा वर्ग संथ वाटेल. ज्याच्या घरी संध्याकाळी दीड तास शेजारी बसायला कुणीच नाही, त्यालाही जड जाईल, कारण ते घरच्यांना सोडत नाहीत. पण काही ना काही कारणाने शाळा सुटलेलं, मागचं कच्चं राहिलेलं, "आपलं नेहमी चुकतंच" म्हणणारं मूल ज्यांच्या घरात आहे, त्यांनी मला विचारा, मी बाईंना विचारून नंबर देईन. जागा आठच असतात आणि मे महिन्यातच भरतात.

फोन करायच्या आधी टेबलाची उंची मोजून ठेवा, आणि दिवा कुठल्या बाजूला आहे तेही बघून ठेवा. बाई पहिल्यांदा तेच विचारतील.